ज्याची त्याची जबाबदारी

इल्वाच्या वर्गातली खुर्ची इतकी बुटकी होती की फोल्केचे गुडघे टेबलाच्या वर आले होते. बूट दाराशी काढून ठेवलेले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं, ते झाकायला त्याने एक पाय दुसऱ्यावर चढवला होता आणि आता त्या पायाला मुंग्या आल्या होत्या. शेजारी त्याची बायको मारित बसली होती. ती रुग्णालयात परिचारिका. आजच्यासाठी तिने मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली होती. समोर वर्गशिक्षिका तेक्ला, ऑगस्टमध्येच नव्याने लागलेली, पंचविशीची, गळ्यात स्वतः विणलेला पिवळा मफलर. आणि टेबलाच्या एका टोकाशी, हात पाठीशी बांधून, त्यांची आठ वर्षांची लेक इल्वा उभी. कारण आजची भेट तीच चालवणार होती. या शाळेत मुलाच्या प्रगतीबद्दल आईबापांना मूलच सांगतं, शिक्षिका नुसती ऐकते.

"सुस्वागतम," इल्वा म्हणाली. "पप्पा, तू नीट बस. मम्मा, फोन आत ठेव."

मारितने निमूटपणे फोन पिशवीत टाकला.

भिंतीवर इल्वाने एक मोठा कागद चिकटवला होता. गणित, वाचन, लेखन, मैत्री, सगळ्यांची चित्रं काढलेली आणि प्रत्येकापुढे एक गोल. गणितापुढे अर्धा सूर्य. मैत्रीपुढे ढग, "कारण मी आणि सागा सध्या बोलत नाही, पण बोलू." आणि वाचनापुढे भलामोठा, किरणांनी भरलेला पिवळाजर्द सूर्य.

"वाचन," इल्वा म्हणाली आणि सूर्यावर बोट ठेवलं. पुढे काहीच बोलली नाही.

"वा!" मारित म्हणाली.

फोल्केने तेक्लाकडे पाहिलं. "म्हणजे वाचनात ती चांगली आहे?"

तेक्ला हसली. हसणं छान होतं तिचं. "इल्वा तिच्या वाटेवर आहे. आणि गोष्ट सांगण्यात तर तिचा हात धरणारं वर्गात कोणी नाही. तुला काय वाटतं, इल्वा?"

"मी माझ्या वाटेवर आहे," इल्वा म्हणाली.

मग तिने टेबलावरचा छापील कागद उचलला. ‘कुटुंबांकडून आमच्या अपेक्षा’ असं त्याचं नाव, आणि तो या वर्षापासून नवा होता. इल्वा एकेका ओळीखालून बोट फिरवत खणखणीत आवाजात वाचत गेली. आमच्या शाळेत गृहपाठ नाही, घर विश्रांतीसाठी आहे. घरात वाचनाचं वातावरण असावं. मुलाचं काम मुलालाच करू द्यावं, त्याने मागितल्याशिवाय मदत करू नये. मूल आपल्या शिकण्याची जबाबदारी स्वतः घेतं. असं बरंच काही, आणि शेवटी तीन सह्यांची जागा. इल्वाने आपलं नाव आधीच मोठ्या अक्षरांत काढून ठेवलं होतं. त्याच्याखाली मारितने सही केली, मग फोल्केने.

"काही प्रश्न?" इल्वाने विचारलं.

फोल्केला प्रश्न होता. पण नेमका काय, ते त्याला सापडेना. "नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर इल्वा पुढे पळाली. चारच वाजले होते, तरी अंधार पडला होता आणि गाडीच्या काचेवर बर्फाची पापुद्र्यासारखी साय धरली होती. फोल्के ती खरवडू लागला.

"छान झालं की," मारित म्हणाली.

"छानच झालं. पण मला एक सांग, ती अभ्यासात कशी आहे?"

"आत्ता तर ऐकलंस."

"मी ऐकलं की ती वाटेवर आहे. कुठल्या वाटेवर? कुठवर आलीय?"

"फोल्के, ती आठ वर्षांची आहे. तिला काय गाडीसारखं तपासणीला लावायचंय?"

फोल्के काच खरवडत राहिला. गाडीची उपमा त्याला लागली, कारण तो टायरच्या दुकानात काम करत होता, आणि गाडीचं मात्र त्याला लगेच कळायचं. टायरची नक्षी झिजली असेल तर झिजली. तिथे कोणी ‘वाटेवर आहे’ म्हणत नसे.

दुकानात त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. स्वीडनमधल्या त्यांच्या हार्नोसांद गावातली माणसं दरवर्षी हिवाळी टायर बसवायचं पुढे ढकलत राहतात आणि पहिला बर्फ पडला की सगळी एकदम दाराशी येतात. फोल्केच्या जोडीला बर्टिल होता. साठी गाठलेला, तीन मुलांना त्याच शाळेत शिकवलेला, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत असलेला. कॉफीच्या सुट्टीत फोल्केने त्याला विचारलं, "वाटेवर आहे म्हणजे काय रे?"

"कोण म्हणालं?"

"शिक्षिका."

बर्टिलने दालचिनीचा पाव कॉफीत बुडवला. "माझ्या थोरल्याला म्हणायचे की तो शोध घेतोय. मला वाटलं, पोरगा शास्त्रज्ञ होणार. नंतर कळलं, तास चालू असताना तो गणिताचं पुस्तक शोधत वर्गभर फिरायचा."

"मग तुला कळलं कसं?"

"पुस्तक आमच्याच घरी सापडलं ना. सोफ्याखाली." बर्टिल स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "हे बघ, वाईट असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

"सांगितलं असतं का?"

बर्टिलने विचार केला. "नसतं सांगितलं," तो म्हणाला. "पण मग चांगलं असतं तरी सांगितलं नसतं. तेव्हा तू कशाला डोकं शिणवतोस?"

या सल्ल्याने फोल्के आला होता त्याहून जास्त गोंधळून कामाला लागला.

पुढच्या रविवारी मारितची दुपारपाळी होती. बाहेर ओला बर्फ पडत होता. फोल्के आणि इल्वा सोफ्यावर एकाच पांघरुणात शिरले आणि इल्वा तिचं लाडकं पुस्तक वाचून दाखवू लागली. बोटीतून समुद्रावर निघालेल्या बिज्जूची गोष्ट होती ती. इल्वा वाचायची म्हणजे नाटकच व्हायचं. बिज्जूचा आवाज घोगरा, पाण्यातल्या सीलचा नाकातला, वादळाला तर ती तोंडाने असा काही आवाज काढायची की शेजारचा कुत्रा भुंकायला लागावा. गोष्ट संपली. इल्वा शू करायला गेली. फोल्के पुस्तक फडताळात ठेवायला उठला, तर त्याच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. मधली पानं लिंगनबेरीच्या जॅमने एकमेकांना घट्ट चिकटली होती. त्याने नखाने सोडवून पाहिली. बिज्जूचं वल्हं हरवतं आणि सील ते शोधून आणतो, तो सगळा भाग त्या बंद पानांच्या आत होता.

आणि इल्वाने तो आत्ता वाचला होता. शब्दन् शब्द.

फोल्के पुस्तक हातात धरून उभा राहिला. मग त्याने स्वतःची समजूत काढली. पाठ झालंय तिला. लाडकी पुस्तकं मुलांना पाठ असतातच. इल्वा परत आली तेव्हा तो सहज म्हणावं तसं म्हणाला, "चल, आता हे नवीन बघू. ग्रंथालयातून आणलेलं."

"माझा घसा दुखतोय."

"एकच पान."

इल्वाने पुस्तक घेतलं. चित्राकडे बराच वेळ पाहिलं. चित्रात एक कुत्रा होता, एक धक्का होता, दूर एक जहाज होतं. मग ती ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली. एक कुत्रा सुट्टीवर निघाला, त्याने बॅगेत सॉसेज भरले, पण जहाजवाला म्हणाला कुत्र्यांना तिकीट नाही, तेव्हा कुत्र्याने टोपी घातली आणि म्हणाला मी आजोबा आहे. फोल्के तिच्या खांद्यावरून पाहत होता. पानावर लिहिलं होतं की बेल्ला नावाची कुत्री बंदरावर हरवली आणि तिची मालकीण रडत होती. सॉसेज नव्हते. टोपी नव्हती. इल्वाच्या तोंडून येणारा एकही शब्द त्या पानावर नव्हता.

तिने वर पाहिलं. "कशी आहे?"

फोल्केच्या मनात एकाच वेळी इतकं काही आलं की त्यातलं काय बोलावं ते त्याला कळेना. मागितल्याशिवाय मदत करू नये. तिने मागितली नव्हती. आणि गोष्ट खरंच छान होती, पुस्तकातल्या गोष्टीहून छान. ती खोटं बोलत होती का? की हाच आजकाल वाचनाचा मार्ग होता आणि त्यालाच ठाऊक नव्हता?

"छान आहे," तो म्हणाला. आणि उरलेला दिवसभर त्या शब्दाची त्याला लाज वाटत राहिली.

त्यानंतर तो लक्ष ठेवू लागला आणि आधी कधी न दिसलेल्या गोष्टी त्याला जागोजागी दिसू लागल्या. दुधाच्या खोक्यावरचं कोडं वाच म्हटलं तर, "तू वाच, माझे हात ओले आहेत." फ्रिजवर मम्माने चिठ्ठी ठेवलीय, काय म्हणते बघ, म्हटलं तर, "मम्माचं अक्षर घाण आहे." शुक्रवारी संध्याकाळी टाको खाताना ते तिघं चित्रपट बघायचे, तेव्हा खाली भाषांतराच्या ओळी असलेला चित्रपट लागला की इल्वाला हटकून कंटाळा यायचा.

मारितला त्याने सांगितलं तेव्हा ती चिडली. "माझ्याबरोबर तर वाचते ती! रोज वाचते!"

"कशी वाचते?"

"आम्ही दोघी मिळून वाचतो. एका आवाजात. तिला तसंच आवडतं."

"मग एकदा मध्येच थांबून बघ," फोल्के म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मारितने थांबून पाहिलं. ती थांबल्याबरोबर इल्वाही थांबली. अर्ध्या शब्दात. आणि मग म्हणाली, "मम्मा, तुला खोकला आला का?"

मारित स्वयंपाकघरात येऊन बसली. तिने नुसती मान हलवली. फोल्केने तिच्यापुढे कॉफी ठेवली, ती तशीच गार झाली.

"पण सूर्य होता की," ती शेवटी म्हणाली. "केवढा मोठा सूर्य होता, फोल्के."

आता शाळेशी बोलायला हवं होतं आणि इथून फोल्केची खरी परवड सुरू झाली. शाळेचं एक ॲप होतं. त्यात ‘आजारपण कळवा’ होतं, ‘सुट्टी मागा’ होतं, ‘माझं मूल वाचत नाहीये’ असं काही नव्हतं. त्याने कार्यालयात फोन लावला. कार्यालयातली बाई म्हणाली, अभ्यासाचं असेल तर मुलांच्या स्वास्थ्यगटाशी बोल. स्वास्थ्यगटातून शाळेची परिचारिका बोलली. ती म्हणाली, डोळे आणि कान ठीक आहेत, बाकीचं, शिकण्यात अडणाऱ्या मुलांना शिकवते त्या विशेष शिक्षिकेकडे. विशेष शिक्षिकेने अगदी मायेने सांगितलं की वर्गशिक्षिकेने कळवल्याखेरीज ती मुलाला बोलावू शकत नाही. वर्गशिक्षिका कधी कळवते? घरच्यांनी काळजी व्यक्त केली की. मग मी आत्ता काय करतोय? आत्ता तू मला फोन केलायस, ती म्हणाली, तो तिला करायला हवा.

फोल्के टायरच्या ढिगावर बसून हे सगळं ऐकत होता. "काय म्हणाली?" बर्टिलने विचारलं.

"मी जिथून सुरू करायला हवं होतं तिथे परत जायला सांगितलंय. पण बहुतेक मी तिथून सुरू केलंच नव्हतं."

"मग बरोबर आहे," बर्टिल म्हणाला. "शाळाच ती."

तेक्लाने मात्र लगेच वेळ दिला. पुन्हा ती बुटकी खुर्ची, पण या वेळी मारित कामावर होती आणि फोल्के एकटाच होता. त्याने जॅमचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, अर्ध्या शब्दात थांबण्याचंही सांगितलं. तेक्लाचा चेहरा हळूहळू मफलरच्या वर लाल होत गेला.

"पण तुम्ही घरी वाचून घेता ना?" तिने विचारलं. "अपेक्षांच्या कागदात आहे ते. घरात वाचनाचं वातावरण. मला वाटलं, जर काही अडत असेल तर ते आधी तुमच्या लक्षात येईल."

"आणि आम्हाला वाटलं, जर काही अडत असेल तर ते शाळेच्या लक्षात येईल. त्याच कागदात आहे, मदत करू नका."

"तसं नाही आहे त्यात."

"आहे."

तिने कपाटातून कागद काढला. दोघांनी डोकं जवळ आणून वाचला. दोन्ही वाक्यं तिथेच होती, एकाखाली एक, आणि सह्या होताना दोघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?" फोल्केने विचारलं.

"मी यायच्या आधीचं आहे," तेक्ला म्हणाली. मग आवाज खाली आणून, "फोल्के, खरं सांगू? वर्गात ती मोठ्याने वाचते तेव्हा तिचा नंबर नेहमी शेवटचा असतो. आता मला वाटतंय की तोवर तिने सगळ्यांचं ऐकलेलं असतं. मी तिला गोष्टी सांगणारी म्हणून बघत राहिले. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गाला एकामागून एक कितीतरी बदली शिक्षक झाले, आणि प्रत्येकाने पुढच्याला तेच सांगितलं, इल्वा छान आहे. मीही तेच धरून चालले."

फोल्केला तिच्यावर रागवायचं होतं. रागवण्याची पूर्ण तयारी करून तो आला होता. पण आता राग नेमका कोणावर काढायचा ते त्याला समजेना. समोरच्या या पोरसवदा शिक्षिकेवर? की त्या बदली शिक्षकांवर? की रविवारी ‘छान आहे’ म्हणणाऱ्या स्वतःवर?

"तिलाच विचारू या," तो म्हणाला.

इल्वा खेळाच्या खोलीत होती. ती आली, दोघांना डोकी जोडून बसलेलं पाहिलं, समोर तो कागद पाहिला आणि दारातच थबकली.

"इल्वा," फोल्के म्हणाला, "इकडे ये. तुला कोणी रागवणार नाही."

"असं म्हणतात तेव्हा रागवतात."

"मी रागवत नाही. मला फक्त कळत नाहीये. तुला वाचता येतं का ग?"

इल्वाने आधी तेक्लाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "थोडं," ती म्हणाली. "माझं नाव येतं. ‘आणि’ येतं. ‘नाही’ येतं. बाकीची अक्षरं जागेवर राहत नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस? मला, मम्माला?"

"ती माझी जबाबदारी आहे." तिने कागदाकडे बोट दाखवलं. "तेक्लाने वर्गात वाचून दाखवलं होतं. मूल आपल्या शिकण्याची जबाबदारी स्वतः घेतं. मी सही केली. तुम्हीपण केली. सही केल्यावर सांगितलं तर ते फसवणं होतं ना?"

खेळाच्या खोलीतून कोणीतरी ‘आउट, आउट!’ ओरडत होतं.

"आणि मागितल्याशिवाय मदत करू नये असं आहे," इल्वा पुढे म्हणाली. "म्हणून मी मागत नव्हते. मागितली असती तर तुम्हाला करावी लागली असती. मग ते माझं काम राहिलं नसतं."

"पण तो सूर्य?" तेक्लाने विचारलं. तिचा आवाज जरा फुटला. "वाचनापुढे तू सूर्य लावलास."

इल्वाला हा प्रश्नच विचित्र वाटला. "तूच म्हणालीस, आपल्याला कुठे पोहोचायचंय त्याचा विचार करा आणि तिथे सूर्य लावा. मला वाचनात पोहोचायचंय. सगळ्यात जास्त तिथेच." मग जरा घाबरून, "की आपण आहोत तिथे लावायचा होता?"

तेक्लाने डोळे मिटले. "आधी मी म्हणाले होते, आहोत तिथे," ती म्हणाली. "मग दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोहोचायचंय तिथे. म्हणजे माझ्या मनात दोन वेगळे कागद होते..." तिने वाक्य सोडून दिलं. "माझं चुकलं, इल्वा."

फोल्केने लेकीला उचलून मांडीवर घेतलं. त्या खुर्चीवर दोघांचं वजन पेलेना, ती कुरकुरली. इतका मोठा भार हे पोर इतके दिवस एकटं वाहत होतं, आणि तो भार कोणी दिला म्हणावं तर ज्याच्या खाली त्याची स्वतःची सही होती त्या कागदाने. तो तिच्या केसांत तोंड घालून बसून राहिला. रडायला येतंय की हसायला, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"पप्पा, तुझ्या मोज्याला भोक आहे," इल्वा म्हणाली.

विशेष शिक्षिकेचं नाव गुनवोर. तेक्लाने त्याच दुपारी तिला कळवलं आणि पुढच्या आठवड्यापासून इल्वा तिच्याकडे जायला लागली. अक्षरं जागेवर का राहत नाहीत याची तपासणी व्हायला वेळ लागणार होता, पण गुनवोरने त्यासाठी वाट पाहिली नाही. ती इल्वाला वाळूत अक्षरं काढायला लावायची, कणकेची अक्षरं करायला लावायची. घरी आल्यावर इल्वाच्या खिशांतून वाळू निघायची. धुलाईयंत्र एकदा बंद पडलं तेव्हा मारित म्हणाली, "पडू दे."

नाताळच्या आधी पालकसभा झाली. खिडक्यांत कागदी चांदण्या लागल्या होत्या, टेबलावर आल्याची बिस्किटं होती, मुख्याध्यापिका सिग्ने पडद्यावर शाळेची मूल्यं दाखवत होती. घर आणि शाळा एकमेकांना पूरक, असं ती म्हणाली. फोल्के सभेत कधी बोलत नसे. पण त्याचा हात वर गेला.

"मला एक विचारायचंय. मुलाला वाचता येतंय की नाही, हे बघायचं काम कोणाचं?"

"आपण सगळे मिळून मुलाभोवती उभे आहोत," सिग्ने म्हणाली.

"हो, पण सगळे मुलाभोवती पाठमोरे उभे असले तर?"

कोणीतरी हसलं. मग मागच्या बाजूने एक बाई म्हणाली, "मलाही विचारायचं होतं. आम्ही घरी पाढे घ्यायचे की नाही? मी लपून घेते." सागाचा बाप म्हणाला, "आम्ही नाही घेत, घेतले तर नियम मोडतो असं वाटलं." आणखी एकाने विचारलं, "तो सूर्य म्हणजे नक्की काय?" मग सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. मुलाच्या दप्तरात हात घालायला परवानगी आहे का, चूक दिसली तर सांगायची की नाही, शब्द अडला तर किती वेळ थांबायचं. फोल्के अवाक होऊन ऐकत राहिला. त्याला आजवर वाटत होतं की अख्ख्या गावात आपणच एकटे बावळट आहोत.

सिग्ने गोंधळून गेली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि ती वाईट बाई नव्हती. "हा कागद आम्ही तुमच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून केला होता," ती म्हणाली. मागच्या ओळीतल्या बाईला यावर हसू फुटलं आणि मग सिग्नेलाही. शेवटी असं ठरलं की कागद मागे घ्यायचा आणि नवा लिहायला पालकांची एक समिती नेमायची. समितीत कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी फोल्केकडे पाहिलं.

समितीच्या दोन बैठका झाल्या. पहिलीत समितीचं नाव काय असावं यावर चर्चा झाली. दुसऱ्या बैठकीत एक वाक्य पक्कं झालं. शंका आली तर त्याच दिवशी फोन करा, आम्हीही करू. पुढचं वाक्य अजून व्हायचंय. बर्टिल रोज विचारतो, "काय रे, वाटेवर आहात का?" आणि फोल्के त्याला हातातला नटबोल्ट फेकून मारायची धमकी देतो.

फेब्रुवारीत, सेमला खायच्या दिवसांत, फोल्के एका शनिवारी इल्वाला घेऊन बेकरीत गेला. मलईने फुगलेले हे सेमला पाव काचेमागे ओळीने मांडले होते आणि या वर्षी बेकरीवाल्याने हौसेने नाना प्रकार केले होते. प्रत्येकापुढे खडूने लिहिलेली छोटी पाटी. मागे मोठी रांग लागली होती. त्यांचा नंबर पुकारला गेला.

"कुठला हवाय?" फोल्केने विचारलं. तो पाट्या वाचून दाखवणारच होता, तेवढ्यात इल्वाने हात वर करून त्याला थांबवलं.

ती काचेला नाक लावून उभी राहिली. ओठ हलायला लागले. पहिली पाटी सोडली. दुसरीपाशी अडली. "प," ती म्हणाली. "पि... पिस..." मागच्या म्हातारीने घसा खाकरला. काउंटरवरच्या मुलाने चिमटा हातात धरून फोल्केकडे पाहिलं. फोल्केच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. सांगावा का? गुनवोर म्हणाली होती, थांब. पण किती थांब ते म्हणाली नव्हती. न सांगितला तर पोर सगळ्यांसमोर फजित होईल. सांगितला तर तिचा घास हिसकावल्यासारखं होईल. त्याला घाम फुटला. बाहेर उणे दहा होतं.

"पिस-ता," इल्वा म्हणाली. मग एकदम, "पिस्ता! पप्पा, पिस्ता लिहिलंय!"

"पिस्ताच लिहिलंय," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"तो दे मला."

"तुला पिस्ता आवडत नाही," फोल्के म्हणाला.

"मी वाचलाय ना तो," इल्वा म्हणाली, "मग मीच खाणार."

खिडकीपाशी बसून तिने पहिला घास घेतला. हिरवी मलई नाकाला लागली. तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. तिने तो घास महत्प्रयासाने गिळला आणि दुसरा घेतला.

"खायलाच हवा असं नाही," फोल्के म्हणाला. "दुसरा आणू या का? साधा?"

इल्वाने तोंडात घास असतानाच मान जोरात हलवली. पण ती हो म्हणतेय की नाही, ते काही फोल्केला कळेना. म्हणून त्याने आपला साधा पाव अर्धा करून तिच्या ताटलीत ठेवला, आणि ती काय करते ते पाहत बसला.